शेवटचा शिक्का

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाचनालयात पुस्तकाची मुदत वाढवायला गेले होते. पाऊस नुकताच येऊन गेलेला, पायऱ्यांवर ओल्या चपलांचा चिखल, आत पंख्याखाली पेपर वाचणारे नेहमीचे तीनचार ज्येष्ठ, आणि काउंटरवरच्या ताई डबा खाऊन नुकत्याच जागेवर बसलेल्या. मी पिशवीतून महाभारताच्या शांतिपर्वाचा खंड काढून ठेवला तर धप्प असा आवाज झाला. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये नंबर टाकता टाकता सहज विचारलं, "कसं वाटतंय हो? वाचवतं का?" आणि मी पटकन बोलून गेले, "छान आहे. फारच सुंदर." त्या "बरं" म्हणाल्या, पंधरा दिवस वाढवून दिले आणि मी निघाले. पण स्कूटर सिग्नलला थांबली तेव्हा ते "फारच सुंदर" माशाचा काटा अडकावा तसं घशात टोचायला लागलं. कारण खरं सांगायचं तर त्या खंडातली जेमतेम दोनशे पानं माझी वाचून झाली होती आणि त्यातल्या निम्म्यांवर मला डुलकी लागली होती.

आता यात खोटं बोलण्यासारखं काय होतं? याच ताईंना मी एका गाजलेल्या कादंबरीबद्दल "टाकाऊ आहे हो, कशाला घेतलीत" असं तोंडावर सांगितलेलं आहे. लेखक हयात असून सांगितलं. व्यास काही ऐकायला येणार नव्हते. पण महाभारत म्हटलं की आपली जीभ आपोआप हात जोडून उभी राहते.

घरी आले, चहा टाकला आणि खंडाचं मागचं पान उघडून बसले. आदिपर्वाचा खंड गेल्या दिवाळीनंतर आणला होता तेव्हा त्याची अवस्था बघून कीव आलेली. दोनदा बाइंडिंग केलेलं, शकुंतलेच्या गोष्टीपाशी पानं सुटून हातात येणारी, मधेच कुणाच्या तरी तेलकट बोटाचा ठसा. मागच्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचे तारखांचे शिक्के एकावर एक, ती भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली. सभापर्वाचीही तीच गत. वनपर्वापासून शिक्के विरळ होत गेले, युद्धाच्या खंडांना परत जरा गर्दी, आणि शांतिपर्वावर तीन शिक्के. १९८७, १९९४, २००९. बास. पानं अजून करकरीत, एका ठिकाणी एसटीचं जुनं तिकीट आणि समासात पेन्सिलीच्या बारीक बारीक टिकल्या. म्हणजे लोक हौसेने महाभारत वाचायला घेतात आणि मग हिमालयात निघालेल्या पांडवांसारखे एकेक करून वाटेत पडतात. हे बघून मला जरा बरं वाटलं, खोटं का बोला. पडणाऱ्यांत मी एकटी नव्हते तर.

मी या भानगडीत पडले ती लेकीमुळे. १९८८ च्या ऑक्टोबरात दूरदर्शनवर महाभारत सुरू झालं तेव्हा मी सातवीत होते, आमच्या वाड्यात रंगीत टीव्ही एकाच बिऱ्हाडाकडे, रविवारी सकाळी त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आतून कांदेपोह्यांच्या फोडणीचा वास. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तेच परत लागलं, मी डोळ्यांत पाणी आणून बघतेय आणि शेजारी लेक हसतेय, कारण दोन बाण हवेत समोरासमोर येऊन टकरा मारतायत. तिने विचारलं, "हे असं खरंच लिहिलंय का पुस्तकात?" मला उत्तर येईना. महाभारत मला पाठ आहे असा माझा आयुष्यभर समज होता, आणि वाचलेलं एक पान नव्हतं. ऐकलेलं, बघितलेलं, कॅलेंडरवर टांगलेलं, भाषणांतून अंगावर आलेलं, सगळं होतं. वाचायला मात्र त्यानंतरही चार वर्षं लागली, लॉकडाऊनमधले संकल्प तुम्हाला माहीतच आहेत.

सुरुवातीला मजा आली, अगदी खरी मजा. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी खिदळून "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणते, हे वाक्य मी सभापर्वात हुडकत बसले. सापडेना. तिथे हसतात भीम, अर्जुन, नकुल-सहदेव, नोकरचाकर. द्रौपदीचं नावच नाही. ती येते नंतर, दुर्योधन हस्तिनापूरला परत जाऊन बापाला गाऱ्हाणं सांगतो तेव्हा. कृष्ण हसला, अर्जुन हसला, द्रौपदीसुद्धा बायकांसकट हसली, असं तो सांगतो. आता ती खरंच हसली का देव जाणे, पण अपमान झालेला माणूस घरी येऊन सांगायला लागला की हसणाऱ्यांची संख्या वाढतेच, हे मी बँकेत पंचवीस वर्षं काउंटरच्या दोन्ही बाजूंना बघितलंय. त्या रात्री मी नवऱ्याला झोपेतून उठवून हे सांगितलं. तो "हं" म्हणून कुशीवर वळला.

कर्णाचं मात्र झालं ते बरं नाही झालं. कॉलेजात असताना कर्णावर जीव टाकलेल्या पिढीतली मी, हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी त्याच्यासाठी रडलोय. आणि इथे भर सभेत तोच उठून उभा राहतो, द्रौपदीला वेश्या ठरवतो, पांडवांची आणि तिचीही वस्त्रं उतरवून घे असं दुःशासनाला तोच सांगतो. मी ते पान दोनदा वाचलं. पुस्तक पालथं ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. जुन्या मित्राबद्दल काहीतरी कळावं आणि ते खरं निघावं तसं. हा आनंद म्हणायचा का? म्हणजे पुढचं पान उलटलंच मी, हात थांबला नाही, पण आत काहीतरी चुरगळलं ते चुरगळलंच.

आणि मग बोअर व्हायला लागलं.

युद्ध सुरू झालं की याने त्याला पाच बाण मारले, त्याने याला सात, याने त्याचा ध्वज तोडला, त्याने याचा सारथी मारला, पुन्हा याने नऊ. पानंच्या पानं. बाणांचा हिशोब माझ्या डे-बुकपेक्षा काटेकोर. शिवाय याद्या. राजसूयाला कुठल्या राजाने काय आहेर आणला त्याची यादी, तीर्थांची यादी, भीष्मपर्वात युद्ध तोंडावर आलेलं असताना संजय धृतराष्ट्राला भारतातल्या नद्यांची नावं सांगत बसतो ती यादी. मी सरळ पानं ढकलत होते, आणि नद्यांमध्ये एकदम बोट थांबलं. गोदावरी. आमची गोदावरी, जिच्या पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं यावरून अख्खं नाशिक पावसाचा अंदाज घेतं, ती तिथे दोन नद्यांच्या मधे गपचूप बसलेली. मला लगेच गोंधळ आठवला. लग्नानंतर घरी गोंधळ घातला तेव्हा गोंधळी हातात पोत घेऊन एकेका देवीला हाक मारत होता, तुळजापूरची भवानी गोंधळा ये, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळा ये, माहूरची रेणुका गोंधळा ये, आणि सगळे माना डोलवत होते पण खरे वाट बघत होते आपल्या कुलदेवीच्या नावाची. आमच्या सासूबाई सप्तशृंगीचं नाव येईपर्यंत चुळबुळत होत्या. आलं आणि त्यांनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. यादी वाचायची नसतेच मुळी, ऐकायची असते, आपलं नाव येईपर्यंत. ज्या नीलकंठाच्या टीकेचं, म्हणजे अर्थ उलगडणाऱ्या भाष्याचं, बोट धरून पुढच्या पंडितांनी महाभारत लावलं तो मूळचा आमच्याच गोदाकाठचा, कोपरगावचा. सतराव्या शतकात काशीला बसून तो टीका लिहीत होता. त्या ओळीवर त्याचंही बोट घटकाभर थांबलं असेल का, असं उगाच वाटून गेलं.

ऐकण्यावरून आजी. आजीच्या मते महाभारत घरात वाचू नये, घरात भांडणं लागतात. हे तुमच्याही आजीने सांगितलं असेल. पण हीच आजी चातुर्मासात रोज दुपारी श्रीधरांचा पांडवप्रताप वाचायची. आम्ही म्हणायचो, आजी, हे महाभारतच आहे की. ती म्हणायची, "छे, ही पोथी आहे." विषय संपला. शेजारच्या दोघीतिघी यायच्या, कुणी वाती वळतंय, कुणी तांदूळ निवडतंय, माझ्याकडे लसूण सोलायचं काम. नखात लसणाचा वास आणि कानात ओव्यांची ती एकसुरी चाल. लाक्षागृहाला आग लागली की सुपातले हात थांबायचे, वर्णनं सुरू झाली की परत चालू व्हायचे, अगदीच लांबलं तर कुणीतरी हळूच गॅस महागल्याचा विषय काढायचं आणि आजी न थांबता चष्म्यावरून बघायची. बोअर व्हायची पूर्ण परवानगी होती तिथे. कुणीच सगळं ऐकत नव्हतं, आणि तरी अध्याय संपल्यावर सगळ्या बायका डोळे पुसून प्रसादाची साखर हातावर घ्यायच्या.

मुळात ही गोष्ट आपल्याला भेटते तीच मुळी कुणीतरी कुणाला तरी सांगताना. सौती नावाचा कथेकरी नैमिषारण्यात येतो, तिथे शौनकाचं बारा वर्षांचं सत्र चाललेलं, ऋषींना वेळच वेळ, आणि ते म्हणतात सांग बाबा. तो सांगतो ते जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाने सांगितलेलं. आणि ऐकणारे सारखे मधे मधे विचारतात, हे कसं झालं ते विस्ताराने सांगा. विस्ताराने! आम्ही यूट्यूबवर साधा कुकरचा रिव्ह्यू दीडपट स्पीडने बघतो. त्यांच्याकडे बारा वर्षं होती, माझ्याकडे पंधरा दिवसांची मुदत, तीही कॉम्प्युटरवर वाढवून घेतलेली.

मधे मला वाटायला लागलं की हे कंटाळवाणं सगळं नंतर कुणीतरी घुसडलेलं असणार, मूळ महाभारत छोटं आणि चटपटीत असेल. तर तसंही नाही. पुण्यात भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं लोकांनी हेच काम केलं, काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत १२५९ हस्तलिखितं धुंडाळून, ओळीला ओळ लावून. विष्णु सुखठणकरांनी १९२५ ला सूत्रं हातात घेतली आणि १९४३ मध्ये ते गेले तेव्हा बरंच काम बाकीच होतं. आणि एवढं करून मूळ संहितेतून काय बाहेर गेलं? तर व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय ती गोष्ट गेली परिशिष्टात. द्रौपदीने कृष्णाचा धावा करणं गेलं तळटीपेत. वस्त्रं येत राहतात, पण कुठून ते संहिता सांगत नाही. म्हणजे जे ऐकायला आपण टीव्हीसमोर श्वास रोखून बसलो ते उपरं निघालं, आणि नद्यांच्या याद्या, बाणांचे हिशोब, भीष्मांची प्रवचनं बहुतेक सगळी सुमारे ८९ हजार श्लोकांत जागच्या जागी. मजेदार ते लोकांनी मागून घातलं, कंटाळवाणं ते जुनंच. त्या विद्वानांना कधी जांभई आली असेल का? आली असणारच, पण जांभई देतादेताही एक अक्षर सुटू न देणं हा त्यांचा धर्म होता.

तरी मी पानं ढकलते तेव्हा एक भीती असते, ती द्रोणपर्वाने घातलेली. चौदाव्या दिवशी सूर्य मावळल्यावरही युद्ध थांबत नाही, मशाली पेटवून रात्री लढतात, याने मारले आणि त्याने मारले चालूच, आणि मी बोटाला थुंकी लावून पुढे पुढे चाललेली. तेवढ्यात अर्जुन ओरडून सांगतो की सगळे झोपेने आंधळे झालेत, इथेच रणात घटकाभर झोपा, चंद्र उगवला की परत लढू. शत्रूसुद्धा त्याला दुवा देतात. आणि दोन्ही सैन्यं होती तिथेच झोपतात, कुणी घोड्याच्या पाठीवर, कुणी रथात, कुणी जमिनीवर. धुळीने माखलेल्या सोंडा नागासारख्या पसरून हत्ती झोपतात आणि त्यांच्या नाकपुड्यांतल्या श्वासाने जमीन गार होत जाते. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले, खाली वॉचमन खुर्चीत घोरत होता. मागच्या चाळीस पानांतले बाण मी उड्या मारत वाचले नसते तर मीही त्या सैन्यासारखी दमले असते का आणि मग ती गार जमीन जास्त गार लागली असती का, कोण जाणे. पण मी दमले नव्हते. मी टॅक्सी करून गडावर गेलेल्या माणसासारखी नुसताच वारा खात होते.

तर शांतिपर्व. सुरुवात जबरदस्त आहे हो, ती कुणी सांगत नाही. युद्ध संपलं, कर्ण भाऊ होता हे कळलं, युधिष्ठिर म्हणतो मला राज्य नको, मी अरण्यात जातो. सगळे समजावतात, आणि द्रौपदी त्याला तोंडावर सांगते की तुझे भाऊ शहाण्या डोक्याचे असते ना, तर त्यांनी तुला बांधून नास्तिकांबरोबर कोंडून घातलं असतं आणि स्वतः राज्य केलं असतं. मी टाळी वाजवली. मग शरपंजरी भीष्म बोलायला लागतात, राजाने असं करावं, राजाने तसं करू नये, कर कसा घ्यावा तर मधमाशी अलगद मध गोळा करते तसा, इथे बँकवालीला जरा हसू आलं, आणि मग पुढे... झोप. मधेच पलित नावाचा उंदीर आणि लोमश नावाचा बोका भेटतात. बोका जाळ्यात अडकलाय, उंदराच्या मागे मुंगूस आणि घुबड टपलेलं, म्हणून उंदीर बोक्याच्या कुशीत शिरतो, जाळं कुरतडायचं कबूल करतो पण शेवटचा धागा तोडतो पारधी अगदी जवळ आल्यावरच. नंतर बोका म्हणतो ये ना मित्रा, तर उंदीर बिळातून म्हणतो, गरज संपली, आता तू मला खायलाच बोलावतोयस. हे आमच्या कर्जवसुली विभागात फ्रेम करून लावायला हवं. पण असे उंदीर पन्नासशंभर पानांनी एखादा. बाकी उपदेश.

आणि तिथेच, त्या उपदेशातच, परवा रात्री मला एकदम बाबा आठवले.

बाबा शेवटचे दीड महिने पलंगावर होते. बोलू शकत होते, बाकी काही नाही. मी बँकेतून सुटले की जाऊन बसायचे आणि काहीबाही विचारायचे. बाबा, सातबाऱ्यावर नाव चढवायला काय लागतं? बाबा, तुम्ही धुळ्याला होतात तेव्हा खानावळ कुठली? बाबा, फ्यूजची तार कितीची घालायची? घरात फ्यूज नव्हताच, एमसीबी होती. ते बोलत राहायचे, संथ, एकाच पट्टीत, तलाठ्यापासून सुरू करून तहसीलदारापर्यंत, मी काहीही ऐकत नव्हते, डेटॉलचा आणि संत्र्याच्या सालांचा वास, वरचा पंखा, आणि ते थांबले की मी लगेच पुढचं विचारायचे. थांबू द्यायचं नव्हतं एवढंच. आज मला त्यातलं सातबाऱ्याचं एक अक्षर सांगता येणार नाही.

युधिष्ठिर तेच करतोय. प्रत्येक अध्यायाच्या तोंडाशी तोच, पितामह, आता हे सांगा, पितामह, अजून एक शंका आहे. ज्या म्हाताऱ्याच्या अंगात आपल्याच माणसांनी बाण रोवलेत तो अठ्ठावन्न रात्री त्या बाणांवर पडून उत्तरायणाची वाट बघतोय, आणि हा विचारत सुटलाय, कारण उत्तरं संपली की उठावं लागणार, घरी जावं लागणार, राज्य करावं लागणार. व्यासांच्या मनात असं होतं असं माझं म्हणणं नाही, पंडित लोक हसतील मला. आणि हे सुचल्यानंतर शांतिपर्व एकदम वाचनीय झालं असंही नाही, पुढचा अध्याय तितकाच कंटाळवाणा होता. फक्त मी तो ढकलला नाही. पुटपुटत, अर्धवट ऐकत, सबंध वाचला. समासात तिथे पेन्सिलीची टिकली होती.

काल मुदत संपली म्हणून परत गेले. मनात ठरवलेलं की या वेळी ताईंना खरं सांगायचं, म्हणजे बोअर आहे पण सोडवत नाही असं काहीतरी, शिवाय शेवटचा शिक्का २००९ चा आहे, कुणी नेत नाही, तर सरळ महिनाभर द्या म्हणायचं. त्या हसायलाच लागल्या. "अहो, शिक्के मारणं बंद झालं तेव्हा. सगळं कॉम्प्युटरवर आहे आता. तुमच्या वेळी मारला का?" नव्हता मारला. सात महिने खंड नेतेय आणतेय आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. "आणि आता नाही वाढवता येणार हां. आजोबांचा नंबर आहे. दरवर्षी आषाढी झाली की येतात, चातुर्मासभर हाच खंड असतो त्यांच्याकडे. तिकडून गिरणाऱ्याहून एसटीने येतात." मी तिकीट होतं त्याच पानावर आहे ना ते बघितलं, माझी खूण म्हणून ठेवलेलं लाइटबिल काढून घेतलं आणि खंड काउंटरवर सरकवला. ताईंनी विचारलं, "मग दुसरं काय देऊ?" आणि मला काही केल्या सुचेना.